बंगल्यातलं जुनं झाड पावसाळ्याआधी ‘हलकं’ करायला सांगतायत? आधी बुंध्यापाशी जाऊन बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोथरूडला जुना बंगला, मागच्या अंगणात सासूबाईंनी १९७४ साली कोय पुरून लावलेला रायवळ आंबा, पुढे गेटजवळ त्याच सुमाराचा वर्षावृक्ष, म्हणजे सगळे रेन ट्री म्हणतात तो, बुंध्याचा घेर साधारण अडीच मीटर. शेजाऱ्यांना त्यांच्या पत्र्यावर आलेल्या फांद्यांची भीती वाटतेय. आणि एक छाटणीवाला सांगून गेलाय की दोन्ही झाडं वरून अर्धी उडवून हलकी करून देतो, पैसे नावापुरते द्या, लाकूड तेवढं आम्ही नेऊ. पावसाळ्याआधी हे करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. गेली बावीस वर्षं मी हेच काम करतोय, दापोलीला शेती शिकलो, मग पुण्यात बंगल्यांची आणि सोसायट्यांची झाडं बघायला लागलो, आणि एवढ्या वर्षांत मोठं झाड अर्धं उडवून कुणाचं भलं झालेलं मी एकदाही बघितलं नाही. पण नुसतं नको म्हणून तुमची काळजी जाणार नाही, शेजाऱ्यांची तर अजिबातच नाही, म्हणून का नको आणि मग काय करायचं हे नीट लिहितो. लांब होईल, पण चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही. आपलं कापलं तर आतलं मांस पुन्हा तयार होतं, झाडाचं तसं नाही, एकदा कापलेलं किंवा कुजलेलं लाकूड पुन्हा कधीच धड होत नाही. झाड फक्त त्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवीन लाकडाचा थर चढवत जखम झाकून घेतं. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं, १९७० च्या दशकात, आणि तेव्हापासून आमच्या धंद्याची बरीचशी समजूतच बदलली. आता विचार करा, मनगटाएवढी फांदी नीट जागेवर कापली तर झाड ती काही वर्षांत झाकून घेतं, पण मांडीएवढ्या दहा फांद्या मध्येच कुठेतरी तोडल्या तर पन्नास वर्षांच्या झाडाला ते झाकायला उरलेलं आयुष्य पुरत नाही, त्या तोंडातून पाणी आणि बुरशी आत जाते आणि लाकूड खाली बुंध्याकडे पोकळ होत जातं. आणि ज्या पानांनी अन्न बनवायचं तीच तुम्ही काढून टाकलेली असतात, त्यामुळे भिंती घालायला लागणारी ताकदही नसते.

वर आणखी एक होतं. अर्ध्यात तोडलेल्या फांदीच्या टोकाला पुढच्या पावसात पंधरा-वीस फुटवे जोरात येतात, लोकांना वाटतं बघा कसं छान फुटलं. ते फुटवे सालीखालून वरवर आलेले असतात, जुन्या फांदीसारखे लाकडात खोल रुजलेले नसतात, आणि तीन-चार वर्षांत ते दंडाएवढे होतात, तेव्हा खालचा खुंट कुजायला लागलेला असतो. मग पडतात तेच पडतात. म्हणजे भीतीपोटी छाटलं आणि भीतीचं कारण त्या छाटणीनेच तयार केलं. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. २००९ साली एका घरमालकांच्या आग्रहापुढे मान तुकवून मी स्वतः एक सोनमोहर असा बोडका केला होता, नवीन होतो, काम हातचं जाईल म्हणून नाही म्हणता आलं नाही. चौथ्या पावसाळ्यात त्याचा एक फुटवा, चांगला पायाएवढा जाड, खुंटाची ढलपी घेऊन खाली आला. खाली मुलं रोज क्रिकेट खेळायची, त्या दिवशी नेमकी नव्हती. तेव्हापासून कुणी कितीही पैसे देऊ केले तरी झाड बोडकं करत नाही, आणि तो खुंट अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आता तुमचा तो ‘लाकूड आम्ही नेऊ’वाला. ज्याची कमाई लाकडात आहे तो जाड फांद्याच कापणार, कारण बारीक वाळक्या काटक्यांना वखारीत भाव नाही. आणि झाडाला बरोबर उलटं हवं असतं, वाळकं, मोडकं, एकमेकांवर घासणारं, टोकाकडचं बारीक ओझं काढायचं आणि जाड फांद्यांना शक्यतो हात लावायचा नाही. त्यामुळे मजुरीचे पूर्ण पैसे द्या आणि लाकूड तुमच्याकडे राहील असं आधीच ठरवा. मी तर म्हणेन हा एकच प्रश्न विचारला तरी चांगला माणूस आणि लाकूडतोड्या वेगळे कळतात.

पण छाटणीचं नंतर. मला कुणी झाड बघायला बोलावलं की मालक वर बोट दाखवतात आणि मी खाली बसतो. मोठी झाडं पडतात ती बहुतेकदा मुळांपासून किंवा बुंध्याच्या तळापासून पडतात, वरच्या फांदीमुळे अख्खं झाड सहसा पडत नाही. तेव्हा उद्या सकाळी चांगल्या उजेडात तुम्ही स्वतः दोन्ही झाडांच्या बुंध्याभोवती एक फेरी मारा, काय बघायचं ते सांगतो.

बुंधा जमिनीत शिरताना रुंद होऊन पसरलेला दिसला पाहिजे, हत्तीच्या पायासारखा. वर्षावृक्षाला तर मुळांच्या चांगल्या जाड धारा दिसतात. जर बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत घुसलेला दिसला तर समजा कधीतरी तिथे भर घातलीये. आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कट्टा. झाडाभोवती छान गोल कट्टा बांधायचा, आत माती भरायची, वर शहाबादी फरशी, संध्याकाळी बसायला जागा. मलाही कट्ट्यावर बसायला आवडतं, पण बुंध्याची साल मातीत राहण्यासाठी बनलेलीच नाही, ती हवेत राहायला बनलेली आहे, दीड-दोन फूट ओल्या मातीत ती वर्षानुवर्षं राहिली की कुजते आणि वरून काहीच कळत नाही. कट्टा असेल तर आतली माती हाताने, खुरप्याने, हळूहळू काढा आणि मूळचा पसरट तळ उघडा करा. कट्टा तोडायलाच पाहिजे असं नाही, पण माती बुंध्याला टेकता कामा नये.

मग बुरशी बघा. पावसाळ्यानंतर बुंध्याच्या तळाशी किंवा मुळांवर तपकिरी, लाखेसारखी चमकणारी, कडेला पांढरी रेघ असलेली अर्धगोल बशी उगवलेली दिसली तर ती गॅनोडर्मा असू शकते, गुलमोहर आणि वर्षावृक्षावर मी ती खूप बघतो. लोक ती बशी तोडून टाकतात आणि बुरशी काढली म्हणतात. ती बशी म्हणजे फक्त फळ आहे, बुरशी आत लाकडात आहे आणि ती बरीच वर्षं आत खाऊन मगच फळ बाहेर काढते. तोडू नका, फोटो काढा आणि जाणकाराला बोलवा, कारण ती कुठे उगवलीये यावरूनच आम्हाला आतलं बरंच कळतं.

लाकडी मोगरी घेऊन बुंध्यावर सगळीकडून हलकं ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ असेल तिथे आवाज ढोलासारखा बदलतो. पोकळ आहे म्हणजे मेलं असं मात्र बिलकुल नाही, पाइप पण पोकळच असतो. ढोबळ अंदाज म्हणून आम्ही बघतो की भोवतीची चांगल्या लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी आहे का. तुमच्या वर्षावृक्षाचा घेर अडीच मीटर म्हणजे व्यास ८० सेंमी, त्रिज्या ४०, तर सगळीकडून १३-१४ सेंमी चांगलं लाकूड असेल तर तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण पोकळीला मोठं उघडं तोंड असेल, चीर असेल, किंवा नेमकं घराच्या बाजूचं लाकूड गेलं असेल तर हा अंदाज चालत नाही, तिथे मशीनने तपासायला लागतं. आणि कृपा करून ती पोकळी सिमेंटने बुजवू नका. माझ्या आजोबांच्या पिढीत ते चांगलं समजायचे, आताही लोक करतात, पण झाड वाऱ्यात हलतं आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळे ते आतून घासतं, कडेने फट पडते, फटीतून गेलेलं पाणी आत साठतं आणि कुज वाढते. शिवाय पुढे कधी करवत चालवायची वेळ आली तर साखळी दगडावर बसून माणसाच्या अंगावर येते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जमीन. झाड जुन्यापासूनच कललेलं असेल आणि शेंडा परत वर वळून सरळ झाला असेल तर त्याने तो कल पचवलाय, मुळं आणि लाकूड त्या हिशोबाने वाढवलंय, ते तसंच शंभर वर्षं उभं राहू शकतं. पण झाड नव्याने कललं असेल आणि कलाच्या उलट बाजूला मातीत चंद्रकोरीसारखी भेग दिसत असेल किंवा माती वर उचललेली वाटत असेल तर ते उखडायला लागलंय. तशी भेग दिसली तर हे उत्तर वाचत बसू नका, खाली कुणाला जाऊ देऊ नका, गाडी काढा आणि मनपाच्या उद्यान विभागाला आणि अग्निशामक दलाला त्याच दिवशी कळवा. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा वेगळ्या, त्या सगळ्या अंगणभर जाळीसारख्या असतात, ही एकटीच आणि बुंध्याला गोल असते.

मुळांबद्दल लोकांचा एक समज घट्ट बसलाय की झाड वर जेवढं तेवढंच खाली खोल. तसं नसतं हो. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, आणि आडवी पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. पुण्यात तर खाली लगेच मुरूम आणि काळा पाषाण लागतो, त्यामुळे मुळं अजूनच आडवी जातात. मुळांचा किती भाग जपायचा याचा जगभर वापरला जाणारा एक हिशोब आहे, छातीच्या उंचीवर बुंध्याचा जेवढा व्यास त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ. व्यास काढायचा कंटाळा असेल तर टेपने घेर मोजा आणि जवळजवळ चौपट करा. तुमच्या वर्षावृक्षाचं ते साडेनऊ मीटर येतं, म्हणजे तुमचं गेट, पार्किंग, शेजाऱ्यांचं अंगण आणि बाहेरचा फूटपाथ सगळं त्यात आलं.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न हा, गेल्या पाच वर्षांत या साडेनऊ मीटरमध्ये काय काय खणलं? ड्रेनेजची लाइन बदलली? बोअरची केबल? कंपाउंड नवीन बांधलं? पेव्हर ब्लॉक बसवले? शेजाऱ्यांनी पायासाठी चर काढला? एका बंगल्यात मी गेलो होतो, भलंमोठं झाड, वरून हिरवंगार, मालक म्हणाले फक्त फांद्या बघा. बुंध्यापासून दोन मीटरवर सरळ रेषेत नवीन फरशी दिसली, विचारलं तर म्हणाले दोन वर्षांपूर्वी गॅसची लाइन टाकली, जेसीबीने. त्या बाजूची सगळी आधाराची मुळं गेलेली होती आणि पानांना अजून पत्ता नव्हता, कारण दुसऱ्या बाजूची मुळं पाणी पुरवत होती. मी घराकडचं ओझं कमी करायला आणि खाली गाडी न लावायला सांगितलं, ते करायच्या आधीच जूनच्या पहिल्या वादळात ते झाड आडवं झालं, नेमकं त्या चराच्या उलट्या बाजूला. माणूस कुणी लागलं नाही. मुळं तोडल्याचा हिशोब झाड दोन-तीन वर्षांनी मांडतं, म्हणून लोकांना चर आणि पडणं यांचा संबंधच लागत नाही, दोष वाऱ्याला जातो.

पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट बुंध्याला चिकटवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या झाडांबाबत बुंध्याभोवती निदान एक मीटर काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं, आणि एक मीटर म्हणजे तुमच्या एवढ्या झाडाला अगदी किमान, जमेल तेवढं जास्त मोकळं करा. तिथे झाडाचीच पानं पसरा, तीन-चार इंचाचा थर, बुंध्याला न टेकवता. वर्षावृक्ष द्विदल, म्हणजे डाळी-शेंगांच्या कुळातला, त्याचा पाला म्हणजे उत्तम खत, आणि लोक तो पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत देतात हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं. आणि तोच पाला बुंध्याशी पेटवणं तर त्याहून वाईट, सालीखालचा जिवंत थर भाजतो आणि वर्षभराने साल सुटून पडते. नवीन कंपाउंड बांधायचंच असेल तर मुळाच्या जागी पाया न खणता दोन्हीकडे खांब घेऊन वरून बीम टाका, मूळ खालून जाऊ दे. जरा खर्च वाढतो पण गवंड्याला जमतं, मी चार-पाच ठिकाणी करून घेतलंय.

आता वर बघू. शेजाऱ्यांची भीती खोटी नाहीये, ते आधी मान्य करा आणि त्यांना तसं सांगा, निम्मं भांडण तिथेच संपतं. वर्षावृक्षाच्या फांद्या आडव्या लांब जातात आणि सगळी पानं टोकाला, लाकूड फार चिवट नाही. पहिल्या मोठ्या पावसात पानं भिजून जड झाली की लांब फांदी मोडू शकते. साधा हिशोब करा, ३० सेंमी जाडीची सहा मीटर लांब ओली फांदी साडेतीनशे किलोच्या आसपास भरते, पत्रा काय स्लॅबलाही ती जाणवेल. म्हणून अशा फांद्या टोकाकडून आखूड करायच्या, एका बाजूच्या उपफांदीपर्यंत मागे यायचं, आणि ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची पाहिजे म्हणजे तीच पुढे नवीन शेंडा होते. यात कापायचा भाग मनगटापेक्षा फार जाड नसतो. सगळं वाळकं काढायचं, ते कधीही काढता येतं. पूर्ण झाडाचा हिरवा भाग एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, तरुण झाडाला जे चालतं ते पन्नाशीच्या झाडाला चालत नाही. आणि आतली सगळी बारीक पालवी सोलून टोकाला झुपके ठेवायची एक पद्धत आपल्याकडे फार चालते, त्याने फांदीचं ओझं अजून टोकाला जातं आणि ती वाऱ्यात चाबकासारखी हलते, ते करू देऊ नका.

फांदी बुंध्याला जिथे जोडलेली असते तिथे एक सुजल्यासारखी कडी असते, आमच्यातले काही लोक तिला गळपट्टी म्हणतात. काप त्या कडीच्या लगेच बाहेर घ्यायचा. कडीसकट बुंध्याशी सपाट कापलं तर झाकून घेणारा भागच गेला, आणि वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि कूज आत नेतो. जाड फांदी एका घावात तोडायची नाही, आधी बुंध्यापासून फूट-दीड फुटावर खालून एक तृतीयांश करवत घालायची, मग जरा पुढून वरून कापायचं, ओझं पडलं की उरलेला खुंट कडीशी नीट काढायचा. खालून न कापता वरूनच कोयता मारला की फांदी पडताना बुंध्याची साल खालपर्यंत सोलून नेते, शहरात रस्त्याकडेच्या किती झाडांवर त्या लांब जखमा दिसतात बघा.

कापलेल्या जागी काय लावायचं हे सगळे विचारतात. डांबर, ऑइलपेंट, काहीच लावू नका, त्याने कुज थांबत नाही, उलट खाली ओल धरून राहते. आंब्याला मात्र मी बोर्डोपेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, कोकणात बागायतदार लावतात तीच. त्याने जखम भरते म्हणून नाही, तर आंब्याच्या ताज्या कापावर खोडकिड्याची आणि बुरशीची भीती जास्त असते म्हणून. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांडं नको.

आंब्यावरून आठवलं, तुमच्या आंब्याचा वर्षावृक्षापेक्षा वेगळा विचार करायला लागेल. बुंध्यावर कुठे भुसा पडतोय का, बोट जाईल असं भोक, त्यातून काळपट रस गळतोय का, हे बघा. ते भिरूड, खोडकिडा. त्याची अळी जाडजूड असते आणि सालीखालून बोगदे करत जाते, आणि एक-दोन अळ्यासुद्धा मोठी फांदी वाळवतात. सायकलच्या स्पोकला आकडा करून भोकात घालून अळी ओढून काढायची, मग रॉकेलचा किंवा पेट्रोलचा बोळा आत सारायचा आणि चिखलाने तोंड बंद करायचं. आठ-दहा दिवसांनी परत ताजा भुसा दिसला तर परत. कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही, वरून फवारून आतली अळी मरत नाही. आंब्यावर बांडगूळ असेल, पानं वेगळी जाड दिसतात आणि लालसर नळीसारखी फुलं येतात, तर ते नुसतं ओढून काढू नका, मुळं फांदीच्या लाकडात गेलेली असतात, त्याच्या खाली फूटभर अंतर ठेवून फांदीच कापा. फार जाड फांदीवर असेल तर मात्र फांदी वाचवा आणि बांडगूळ दरवर्षी खुडत राहा. दुबेळक्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल तर लहान आहे तोवर काढा. छाटायची वेळ म्हणाल तर आंबा फळं उतरल्यावर लगेच, जोराचा पाऊस लागायच्या आत, नाहीतर सरळ ऑक्टोबरात. वर्षावृक्षाची हिरवी छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीच्या कोरड्या हवेत. त्यामुळे मे महिन्यात घाईने करायचं ते फक्त वाळकं आणि शेजाऱ्यांच्या पत्र्यावरची दोन-तीन टोकं, बाकी दिवाळीनंतर.

अजून एक कारण आहे मे-जून टाळायचं. कावळे, पुढे बगळे, सगळ्यांची घरटी याच दिवसांत असतात, वर्षावृक्षावर तर बगळ्यांची वसाहतच बसते कधीकधी. घरटी-अंड्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी चढणाऱ्या माणसाने आधी घरटी बघावीत हे मी माझ्याकडे काम करणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

कायद्याचंही सांगून टाकतो कारण तो छाटणीवाला याबद्दल काही बोलला नसणार. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे आणि झाड तुमच्या खाजगी अंगणात असलं तरी तो लागू आहे. त्यात ‘झाड तोडणे’ची व्याख्याच एवढी रुंद आहे की जाळणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं, म्हणजे बोडकं करणं हाही गुन्हा ठरू शकतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हे वारसा वृक्ष धरलं जातं, आणि सासूबाईंनी १९७४ ला लावलाय म्हणजे तुमचा आंबा त्यात बसतो. फांद्या छाटायच्या असल्या तरी मनपाच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा, फोटो जोडा, कुठली फांदी आणि का ते लिहा. पूर्ण झाड काढायची वेळ आली तर झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात, त्याला वेळ लागतो, म्हणून पावसाच्या तोंडावर जागं होऊ नका. तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही चढू देऊ नका, ओली फांदी तारेला टेकली की वरचा माणूस गेला.

आणि वर चढणाऱ्या माणसाचा विचार करा, ताई. आपल्याकडे अनवाणी, कमरेला सुतळी आणि हातात कोयता असा माणूस साठ फुटांवर जातो आणि खाली आपण चहा पितो. ज्याच्याकडे हार्नेस, चढायचा दोर, हेल्मेट आणि विमा नाही त्याला काम देऊ नका, आणि बुटांना खिळे लावून जिवंत झाडावर चढणाऱ्यालाही नको, प्रत्येक पाऊल म्हणजे सालीला एक भोक. काम सुरू करायच्या आधी त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, कुठल्या फांद्या, कुठपर्यंत, किती जाडीपर्यंत. आणि त्याला विचारा, काप नेमका कुठे घेणार ते बोटाने दाखव. कडीवर बोट ठेवलं तर माणूस शिकलेला आहे.

पाणी आणि इतर थोडं. एवढ्या जुन्या झाडाला बुंध्याशी रोज बादलीभर पाणी घालून उपयोग नाही, बुंधा फक्त ओला राहतो. मार्च ते मे महिन्यातून एकदा फांद्यांच्या कडेखाली गोल फिरत नळी हळू सोडून खोल भिजवा. आंब्याला मात्र पाऊस संपल्यावर मोहोर येईपर्यंत पाणी देऊ नका. गेरू-चुन्याचे पट्टे दिसायला छान, नुकसान नाही, पण त्याने झाडाची तब्येत सुधारते असं समजू नका. सालीवरची वाळवी बघून घाबरू नका, ती बहुतेक मेलेली साल खाते, काठीने माती झाडून खाली जिवंत हिरवं आहे का तेवढं बघा. वर्षावृक्षाच्या कोवळ्या फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर आणि खाली गाडीवर चिकट थेंब दिसले तर तो पिठ्या ढेकूण, मुंबईत गेल्या दशकात त्यापायी खूप वर्षावृक्ष वाळले, तेव्हा हे अंगावर काढू नका. दिव्यांच्या माळा, झोक्याची तार, पाटीचे खिळे सगळं काढा. पुण्यात मुलांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली तेव्हा एकेका झाडातून किती लोखंड निघालं हे ज्यांनी बघितलं ते विसरणार नाहीत. तार सालीत रुतून बसली असेल तर ओढू नका, दोन्हीकडून कापून आतली तशीच राहू द्या.

तुम्ही शेवटी विहिरीजवळच्या नारळाचंही विचारलंय. नारळाला ही वरची कुठलीच छाटणी लागू नाही, कारण नारळाच्या खोडाला जखम झाकायची सोयच नाही, त्याला साल आणि लाकडामधला तो वाढणारा थर नसतो. चढायला खोडात खाचा पाडल्या तर त्या मरेपर्यंत तशाच राहतात आणि सोंड्या भुंग्याला आयतं घर मिळतं. फक्त पूर्ण वाळलेल्या झावळ्या, जुने पोय, म्हणजे सुकलेले फुलोरे, आणि नारळ पावसाआधी उतरवून घ्या, हिरव्या झावळीला हात लावू देऊ नका, आणि पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, शिडीने चढणारा असेल तर बघा, कोकणातले आमचे लोक आता यंत्राने चढतात, खोडाला ओरखडाही पडत नाही.

उद्या फेरी मारून झाली की बुंध्याचे चारी बाजूंनी जमिनीलगतचे फोटो आणि घेर मोजलेला आकडा टाका, शिवाय कुठे काय खणलं होतं ते आठवून लिहा. वरच्या फांद्यांचे फोटो नंतर बघू.